हिडकलची नाव: डिझेल काढून बॅटरी बसवण्याच्या कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

खंडेनवमीची झेंडूची माळ अजून लेथवर सुकत होती तेवढ्यात हे काम आलं. आमचं बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप हायड्रॉलिक सिलिंडरच्या जॉबवर्कवर चालतं. नावेचं काम आजवर कधी केलेलं नाही. पण तात्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांच्या पंपाचं इंजिन माझ्या वडिलांनी बसवलेलं.

तात्यांची नाव हिडकल धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालते. पत्र्याची, सात मीटर लांब. माणसं, दुधाच्या किटल्या, खताची पोती, एखादी मोटारसायकल, सगळं या काठावरून त्या काठाला. एक फेरी दीड किलोमीटरची. मागच्या बाजूला आडवं टाकलेलं आठ हॉर्सचं पाण्यावर थंड होणारं इंजिन, शेतात असतं तेच. हँडल मारून चालू करायचं. आता तात्यांच्या खांद्याला हँडल झेपत नाही, हे खरं कारण. "डिझेल नव्वदीच्या पुढं गेलंय" हे सांगायचं कारण.

मेस्त्री म्हणाले, सेल्फ स्टार्टर बसवून देऊ, चार हजारात काम होईल. बरोबरच होतं ते. पण तात्यांनी कोचीला जाऊन आलेल्या पाहुण्याच्या मोबाईलवर वॉटर मेट्रोच्या बोटी बघितल्यात. धूर नाही, आवाज नाही. "तसलं काय तर करून द्या की."

११ ऑक्टोबर

आधी मोजमाप. इंजिन काढण्यापूर्वी ते काय काम करतंय हे कळलं नाही तर नंतर भांडायला आधार राहत नाही.

डिझेलची टाकी बंद केली, वर खुणा केलेली दोन लिटरची बाटली टांगली, मोबाईलवर जीपीएसचा वेग लावला. आठ माणसं बसवून ताशी १० किलोमीटरने तासभर फिरलो. १.४ लिटर गेलं.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. असलं जुनं इंजिन त्यातली पाव शाफ्टला, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याला, देतं, बाकीची सायलेन्सरमधून आणि थंड करायच्या पाण्यातून जाते. म्हणजे शाफ्टवर साडेतीन किलोवॅट. आठ हॉर्स म्हणजे सहा किलोवॅटच्या आसपास. नावेला तेवढ्याची गरजच नव्हती, बाजारात मिळालं ते बसवलं.

सव्वाशे रुपयांचं डिझेल जाळून काढलेला हा एकच आकडा, ३.५. पुढचं सगळं यावर उभं राहणार.

१८ ऑक्टोबर

भाचा सुट्टीवर आलाय. तो जहाजावर इंजिनिअर आहे, कंटेनरवाल्या मोठ्या जहाजावर. वर्कशॉपमध्ये येऊन इंजिनाला हात लावून हसला. "मामा, आमच्या इंजिनच्या एका पिस्टनवर तुझं हे सगळं वर्कशॉप बसंल."

त्याच्या मोबाईलवर कालची बातमी होती. लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची, म्हणजे आयएमओची, बैठक होती. जहाजांच्या इंधनाला कार्बनची मर्यादा घालायची आणि त्यावरच्या धुराला पैसे मोजायला लावायचे, असा नियम एप्रिलमध्ये मान्य झाला होता. तो पक्का करायचं मतदान होतं, त्याऐवजी विषयच वर्षभर पुढं ढकलला. ५७ विरुद्ध ४९. भाचा म्हणाला, जहाजांचे मालक आता कुठलं इंजिन मागवायचं याच विचारात अडकतील. जहाज पंचवीस वर्षं चालतं. आज घेतलेलं २०५० ला पाण्यात असणार. आणि २०२३ च्या धोरणात याच संघटनेने २०५० च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू म्हणून लिहून ठेवलंय.

जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी तीन टक्क्यांच्या आसपास जहाजांचे. टक्का लहान वाटतो, पण एकदा गंधकाचा नियम आला तेव्हा फरक पडलाच की. १ जानेवारी २०२० पासून इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणावं लागलं. भाच्याच्या बोलण्यात ते वर्ष अजून येतं: टाक्या धुणं, फिल्टर तुंबणं.

मी विचारलं, मग तुमच्या जहाजाला पण बॅटरीच घाला की. त्याने कागद ओढला. त्यांचं जहाज दिवसाला साठ टन तेल खातं. मोठी दोन स्ट्रोक इंजिनं त्यातली निम्मी ऊर्जा शाफ्टला देतात (माझ्या पंपाच्या इंजिनाच्या दुप्पट, इथं मी गप्प झालो). आमची बॅटरी किलोवॅटतासाला, म्हणजे एका युनिटला, दहा किलो वजनाची. हिशोब केला तर एका दिवसाच्या प्रवासाला साडेतीन हजार टन बॅटरी. पंधरा दिवसांच्या प्रवासाला पन्नास हजारांच्या वर. माल कुठं ठेवायचा?

नॉर्वेत २०१५ पासून अँपिअर नावाची मोटारी नेणारी फेरीबोट पूर्ण बॅटरीवर चालते. केरळात वैकमला २०१७ पासून आदित्य ही सौरऊर्जेची नाव चालते, ७५ माणसांची. दोन्हीकडं अंतर थोडं, काठ ठरलेला, काठावर प्लग. तात्यांची नाव त्याच जातीची. भाच्याचं जहाज नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताईकडं शहापूरला. ओवाळून झालं, करंज्या खाऊन झाल्या, आणि तात्यांचा फोन. त्यांना नवीन कल्पना सुचली होती. "साखर कारखान्यात स्पिरिट करतात की. पेट्रोलमध्ये वीस टक्के घालतात. त्याच्यावरच इंजिन चालवूया."

भाच्याला फोन दिला. त्याने पाच मिनिटं समजावलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. स्पिरिट तसं पेटत नाही. भाच्याच्या जहाजाचं इंजिन तेलासारखंच मिथेनॉलवरही, म्हणजे स्पिरिटच्याच जातीच्या दुसऱ्या अल्कोहोलवर, चालतं, पण प्रत्येक स्ट्रोकला आधी थोडं डिझेल फवारून त्याच्या ज्वाळेवर मिथेनॉल पेटवावं लागतं. शिवाय अल्कोहोलला वंगण नसतं, पंप कोरडा चालतो. वर एक्साइजचा परवाना. तात्यांना परवान्याचं लगेच पटलं.

फोन ठेवल्यावर मी भाच्याला मिथेनॉलबद्दल खोदून विचारलं. २०२३ मध्ये लॉरा मर्स्क हे मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज आलं, तेव्हापासून अशी बरीच मागवली गेली. भाचा सांगतो, सोय मोठी आहे: साध्या तापमानाला द्रव राहतं. एलएनजी, म्हणजे द्रव केलेला नैसर्गिक वायू, उणे १६२ अंशाला ठेवावी लागते, अमोनिया उणे ३३, हायड्रोजन तर उणे २५३. पण मिथेनॉलला टाकी जवळजवळ अडीचपट मोठी लागते. नळ्या दुहेरी, एकात एक. टाकीत वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरलेला. कारण बारा अंशालाच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. "आणि मामा, दिवसा त्याची ज्वाळा दिसतच नाही. आग लागलीय हे हवा थरथरली तर कळतं." ताई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पोराच्या नोकरीतलं हे तिनं पहिल्यांदा ऐकलं असावं.

अमोनियात कार्बन नाही, म्हणून सगळे त्याच्या मागे. पण ते विषारी. आणि जळताना नायट्रस ऑक्साइड सुटलं तर ते कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींहून जास्त तापवतं. एलएनजीचं तसंच: न जळता निसटलेला मिथेन हीच तिची खोट.

मग मिथेनॉल हिरवं कसं? नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून केलेलं नाहीच, कारखान्याच्या धुराड्यातून आधीच कार्बन गेलेला असतो. हिरवं करायचं तर कार्बन डायऑक्साइड आणि विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन एकत्र करायचा. इथं मला आपला जिल्हा आठवला. डिस्टिलरीच्या आंबवणीच्या टाक्यांतून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, एक किलो स्पिरिटमागं जवळजवळ एक किलो. तो बाटल्यांत भरून सोड्याला जाईल नाहीतर हवेत जाईल. कच्च्या मालापैकी अर्धा तर आपल्याकडं पडून आहे!

पण दुसरा अर्धा महाग. एक किलो मिथेनॉलला १९० ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन लागतो, तेवढ्याला दहा युनिट वीज जाते. त्या किलोभर मिथेनॉलमध्ये ऊर्जा साडेपाच युनिट. इंजिनात निम्मी गेली की शाफ्टला पावणेतीन. तीच दहा युनिटं बॅटरीत घातली तर शाफ्टला आठच्या आसपास येतात. म्हणजे जिथं बॅटरी पोचते तिथं मिथेनॉल घालणं हा शुद्ध वेडेपणा, आणि जिथं पोचत नाही तिथं ही तूट सोसण्याशिवाय इलाज नाही. करंजीच्या ताटाखालच्या पेपरवर केलेला हिशोब फाडून खिशात घातला.

१ नोव्हेंबर

शहर बंद, वर्कशॉप बंद. राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी, बेळगावच्या माणसाला आणखी सांगायला नको.

८ नोव्हेंबर

इंजिन काढलं. फ्लायव्हीलसकट १७० किलो भरलं. खाली तळाला काळ्या तेलाचा बोटभर थर. आजवर पाऊस पडला की हे तात्या डब्याने पाण्यात उपसत आले. त्याच पाण्यातून खालच्या गावांना नळ. घासलेटने पुसून, गोणपाटात भरून वर्कशॉपला आणलं.

ऊस दराच्या आंदोलनामुळे या आठवड्यात दोन वेळा गाडी अर्ध्यातून परत आणावी लागली. मोटार येऊन पडलीय: ५ किलोवॅट, ४८ व्होल्ट, वजन २२ किलो. मेस्त्रींनी एका हातात उचलून बघितली आणि इंजिनाकडं बघितलं.

१५ नोव्हेंबर

प्रोपेलर. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आणि कुणाला दिसणार नाही असं काम हेच आहे.

जुना प्रोपेलर १२ इंची, मिनिटाला १५०० फेरे. इंजिन तेवढ्याने फिरतं म्हणून तोही तेवढ्याने फिरायचा. पण पाणी थोडं घेऊन जोरात ढकलण्यापेक्षा जास्त घेऊन हळू ढकललं तर तीच ढकल कमी ताकदीत मिळते. भाच्याच्या जहाजाचा प्रोपेलर नऊ मीटरचा आणि मिनिटाला ऐंशी फेरे. मोठी इंजिनं लांब स्ट्रोकची, हळू फिरणारी करतात ती याचसाठी.

आमच्या नावेत सुकाणू आणि तळ यांच्यामध्ये १५ इंची जेमतेम बसतो. फेरे ८५०, पिच (एका फेऱ्याला पातं स्क्रूसारखं जेवढं पुढं सरकेल ते अंतर) ११ इंच. पॅटर्नवाल्या सुताराने सागवानात एक पातं कोरलं. तो आकसणीची पट्टी वापरतो. तिच्यावरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा, कारण ओतलेली धातू गार होताना आकसते. गेली चाळीस वर्षं पंपाचे इंपेलर कोरलेला माणूस. पातं बघून म्हणाला, "हे तर पंपाचंच आहे, केसिंग काढून टाकल्यालं."

गनमेटलचा ओतीव येऊन बोअर झाल्यावर सरफेस प्लेटवर ठेवून तपासला. पिच २८० मिलिमीटर असेल तर पात्यावर ३० अंश फिरल्यावर उंची २३.३ मिलिमीटरने वाढली पाहिजे. तीन पात्यांचे आकडे: २३.५, २२, २५. तिसरं पातं जास्त पाणी उचलणार, शाफ्ट थरथरणार. गरम करून, लाकडी हातोड्याने, मोजत, परत गरम करून दोन दिवस गेले. शेवटी २३.५, २३, २३.५. याच्या पुढं मेस्त्रींनी हात जोडले.

२२ नोव्हेंबर

बॅटरी आली. लिथियम आयर्न फॉस्फेट, ५१.२ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, म्हणजे दहा युनिटच्या थोडी वर. वजन ९८ किलो. फॉस्फेटची घेतली कारण ती सहजासहजी भडकत नाही आणि नावेत माणसं बसतात. मधल्या फळीखाली, तळापासून सहा इंच वर, झाकणाच्या पेटीत. इंजिन मागच्या बाजूला होतं, आता वजन मधे आल्याने नाकाड खाली झुकतंय. तात्यांना मागं बसायला सांगायचं.

२९ नोव्हेंबर

पहिली चाचणी. मुद्दाम जुनाच प्रोपेलर ठेवला, पुली बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

ताशी १० ला ८२ अँपिअर. ५१ व्होल्टने गुणून मोटारीतलं नुकसान वजा केलं तर शाफ्टवर साडेतीन किलोवॅट. ऑक्टोबरात बाटली टांगून काढलेला आकडा! मी दोनदा गुणाकार केला.

मग दोन भानगडी. काठाला लावताना तात्यांनी सवयीने खाडकन उलटं फिरवलं आणि सगळं बंद पडलं. वाऱ्याने नाव खडकाकडं. बांबूने ढकलत आलो. बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटवर १५० अँपिअर लिहिलंय, ते ११० लाच तोडतंय. विकणारा आधी फोनवर "तुमचीच जोडणी चुकली" म्हणाला, मीटरचा व्हिडिओ पाठवल्यावर दुसरं सर्किट पाठवतो म्हणाला.

दुसरी भानगड आमचीच. परतताना पेटीजवळ गरम वास. एका केबलच्या लगला, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाला, हात लावला तर चटका. लग हातोडीने ठोकून बसवलेला होता, प्रेसने दाबलेला नव्हता. कुणी ठोकला ते मला माहीत आहे, मीच. ८० अँपिअरला असली आळशी चूक चालत नाही. सगळे लग नव्याने हायड्रॉलिक क्रिम्परने. वर्कशॉप हायड्रॉलिकचं, आणि मी हातोडी वापरतो.

७ डिसेंबर

नवा प्रोपेलर, नवं सर्किट. कंट्रोलरमध्ये पुढून मागे जायला तीन सेकंदांचा वेळ घातला. आठ माणसं, लाइफ जॅकेट सगळ्यांना. वारा पडलेला, पाणी ताटासारखं. दोन्ही दिशांनी फिरून सरासरी घेतली.

ताशी १० किलोमीटर: ६८ अँपिअर.
९: ४७.
८: ३१.
७: २०.

पहिली ओळ प्रोपेलरची. त्याच वेगाला ८२ चे ६८, नुसत्या ओतकामात.

पण मला बाकीच्या तीन ओळींनी खिळवून ठेवलं. वेग दहाचा आठ केला, पाचव्या हिश्श्याने कमी, आणि खर्च निम्म्याच्याही खाली. पाण्यात ताकद वेगाच्या घनाने वाढते हे शिकलेलं होतं. आमची नाव लहान, दहाला तिची स्वतःचीच लाट समोर उभी राहते, म्हणून घनापेक्षाही जास्त. बॅटरीचा पाचवा हिस्सा राखून धरला, तर दहाने गेल्यावर २३ किलोमीटर. आठने गेलो तर ४०.

भाच्याला आकडे पाठवले, तो परत जहाजावर गेलाय. रात्री उत्तर आलं. २००८ च्या मंदीनंतर कंटेनर जहाजांनी हेच केलं, वेग चोवीस-पंचवीस नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अठराच्या आसपास आणला. नवीन इंजिन नाही, नवीन इंधन नाही. "आणि मामा, मिथेनॉल महाग आहे म्हणून तर आधी हळू जावं लागणार."

तात्यांना सांगितलं, दीड किलोमीटरला नऊ मिनिटं लागायची, आता सव्वाअकरा लागतील. ते कन्नडमध्ये म्हणाले, "निधान." सावकाश. मग मराठीत, "दोन मिनिटानं कोण मरालंय?" ॲक्सिलरेटरवर आठच्या जागी लाल रंगाची रेघ मारली.

१६ डिसेंबर

चार्जिंगचं रडगाणं. तात्यांच्या घरात संध्याकाळी सहा ते नऊ व्होल्टेज १८० च्या खाली येतं, चार्जर बंद. रात्री अकरानंतर २२० असतं. टायमर लावला, वीस मिनिटांचं काम.

नावेवर ऊन-पावसाला ताडपत्री होती, तिच्या जागी ५४० वॅटची दोन सौर पॅनेलं. सावली तीच, वर दिवसाला तीन-चार युनिट. वारा सुटला की छप्पर शिडासारखं धरतं. कोपऱ्यांना तिरके आडवे पाइप द्यावे लागले.

२८ डिसेंबर

तक्रार आली, प्रवाशांची. नाव आलेली कळत नाही. पलीकडच्या वस्तीवर बायका इंजिनचा आवाज ऐकून दुधाची किटली उचलायच्या. आता तात्या काठावर येऊन थांबतात, कुणीच नाही, मग हाका. स्कूटरचा हॉर्न बसवला, तो पाण्यावर पोचत नाही. शेवटी तात्यांनी बैलाच्या गळ्यातली मोठी घंटा बांधलीय. मधल्या ठिकाणावरून एकदा वाजवायची.

११ जानेवारी २०२६

पाच आठवड्यांच्या वहीवरून: दिवसाला बारा फेऱ्या, अठरा किलोमीटर, बॅटरीतून चार-सव्वाचार युनिट. ऊन चांगलं असेल तर घरच्या प्लगवरून एक-दीड, ढगाळ असेल तर पाच. आधी साडेतीन लिटर डिझेल, म्हणजे नऊ किलो कार्बन डायऑक्साइड. आपल्या ग्रीडच्या विजेला युनिटमागं सरासरी ०.७ किलो धरलं तर ढगाळ दिवशीही साडेतीन किलोच. शून्य नव्हे. तात्यांचा पाहुणा शून्य म्हणून सांगत फिरतोय, त्याला दुरुस्त केलं.

एकूण खर्च दोन लाख साठ हजार. दिवसाला अडीचशे वाचतात असं धरलं तर नाव चालण्याच्या १,०४० दिवसांत वसूल. बॅटरी तेवढी टिकेल का ते बॅटरीच सांगेल; म्हणून दर महिन्याला एकदा पूर्ण रिकामी करून मोजायची असं ठरवलं.

ग्लँड, म्हणजे शाफ्ट नावेतून पाण्यात जातो तिथला पाणी अडवणारा जोड, थेंबाथेंबाने गळतोय. आत ग्रीस लावलेली सुताची दोरीच आहे, इंजिनच्या धडधडीत गळती कुणाला ऐकू येत नव्हती. आता टपटप स्पष्ट ऐकू येतं आणि प्रवासी घाबरतात. पुढच्या आठवड्यात दोन फेरे नवी दोरी.

पाणी उतरायला लागलंय. उन्हाळ्यात हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, तेव्हा बघायला गर्दी होते आणि तात्यांच्या फेऱ्या दुप्पट. तिकडं पाण्याखाली जुन्या गावाचे दगड आहेत. पंधरा इंची प्रोपेलर बारा इंचीपेक्षा दीड इंच खाली जातो, हे मी ऑक्टोबरात धरलंच नव्हतं. तळाखाली लोखंडी पट्टीची राखण वेल्ड करायची, मार्चच्या आधी.